दोऱ्याची ओढ: शिलाई मशीन, ओव्हरलॉक आणि एम्ब्रॉयडरी डिजिटायझिंग शिकताना

शिलाई मशीन शिकायला बसलेल्याला बहुतेक वेळा आधी बटणं दाखवली जातात. हे टाक्याच्या लांबीचं, हे टेन्शनचं म्हणजे दोऱ्याच्या ताणाचं, हा उलट टिपेचा खटका. मग दोरा अडकतो, खाली गुंता होतो, नेमकं काय फिरवायचं ते कळत नाही आणि सगळीच बटणं फिरवली जातात. मी उलट्या बाजूने सुरुवात करणार आहे. आधी दोरा काय करतो ते बघू, मशीन त्यानंतर. साधं मशीन, कापडाची कड छाटून बांधणारं ओव्हरलॉक आणि भरतकामाचे टाके आखणारं एम्ब्रॉयडरीचं सॉफ्टवेअर वरवर तीन वेगळ्या गोष्टी वाटतात, पण तिन्हीकडे दोऱ्याला ओढ असते आणि त्या ओढीने कापड आकसतं, सुरकुततं किंवा पसरतं. ती ओढ ओळखता आली की बाकीचं शिकणं पुष्कळ हलकं होतं.

टाका पडताना बघा

मशीनचा प्लग काढा. फूट (कापड दाबून धरणारा पाय) आणि सुईखालची प्लेट काढून ठेवा. वरचा दोरा ओवा, त्याचं टोक डाव्या हातात सैल धरा आणि उजव्या हाताने चाक स्वतःकडे, अगदी सावकाश फिरवा.

सुई सगळ्यात खाली जाते. तिथून ती जेमतेम दोन मिलिमीटर वर उचलली की सुईच्या मागे दोऱ्याचा एक बारीकसा फुगा येतो. नेमक्या त्याच क्षणी खाली फिरणाऱ्या हुकचं टोक त्या फुग्यात शिरतं, दोरा पकडतं आणि खालचा दोरा गुंडाळलेल्या अख्ख्या बॉबिनभोवती फिरवून आणतं. मग वरची टेक-अपची दांडी दोरा सर्रकन वर खेचते आणि दोन दोऱ्यांची अढी कापडाच्या जाडीत जाऊन बसते. हा झाला एक टाका. इलियास हाऊ यांनी १८४६ साली आणि आयझॅक सिंगर यांनी १८५१ साली अमेरिकेत पेटंट घेतली तेव्हापासून घरगुती मशीनचा टाका मुळात हाच आहे. पडद्यावर शंभर नक्ष्या दाखवणारं आजचं मशीनसुद्धा प्लेटच्या खाली हेच करतं.

हे पाच मिनिटं डोळ्यांनी बघितलंत तर पुढच्या निम्म्या अडचणींचं कारण आपोआप कळतं. तो फुगा इतका लहान असतो की सुई केसभर वाकली, पूर्ण वर न बसवता घट्ट केली किंवा उलटी लावली, तर हुकचं टोक फुग्याच्या बाजूने निघून जातं. त्यालाच आपण ‘टाके सुटतात’ म्हणतो. म्हणून टाके सुटायला लागले की टेन्शनला हात लावू नका, आधी सुई बदला.

सुई कोणत्या तोंडाने लावायची याची खूण सुईवरच असते. तिच्या एका अंगाला वरपासून नेढ्यापर्यंत लांब खोबण असते आणि दुसऱ्या अंगाला नेढ्याच्या जरा वर खोलगट कोरलेलं असतं. ज्या बाजूने दोरा ओवायचा तिकडे लांब खोबण आणि जिकडून हुक येतो तिकडे तो खोलगट भाग. आजच्या बहुतेक घरगुती मशीनवर याचा अर्थ सुईच्या दांड्याची चपटी बाजू मागे. जुन्या मशीनवर ती बाजूलाही असू शकते, पण खोबणीचा नियम तिथेही चुकत नाही.

सुई आणि दोरा यांची जोडी

सुईच्या पाकिटावर ९०/१४ असे दोन आकडे असतात. पहिला आकडा सुईची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागात सांगतो, म्हणजे ९० नंबरची सुई ०.९ मिलिमीटर जाड. तलम सुती किंवा रेशमी कापडाला ६५ किंवा ७०, नेहमीच्या सुतीला ८०, जाडसर कापडाला ९०, जीन्सला १०० च्या आसपास.

जाडीपेक्षाही टोक जास्त महत्त्वाचं. होजिअरी आणि टी-शर्टच्या कापडाला बॉलपॉइंट सुई लागते. तिचं टोक किंचित गोल असल्याने ती धागा न तोडता दोन धाग्यांमधून वाट काढते. टोकदार सुईने होजिअरी शिवली तर दोन-तीन धुण्यांनंतर शिवणीच्या कडेने बारीक भोकं दिसू लागतात, आणि तोवर कारण आठवतही नाही. साधारण आठ तास शिवण झालं की सुई बदलावी. कापडातून जाताना ‘टक टक’ आवाज यायला लागला तर तेवढीही वाट बघू नका.

दोरा जुना असेल तर वीतभर तुकडा दोन्ही हातांनी झटका देऊन बघा. सहज तुटला तर तो मशीनमध्ये घालू नका.

गुंता खाली, कारण वर

नवशिक्यांचा सगळ्यात जास्त वेळ खाणारी अडचण ही: टीप मारली, कापड उलटलं, तर खाली दोऱ्याचं जाळं. सगळे बॉबिनला दोष देतात. पण खाली दिसणारं ते जाळं वरच्या दोऱ्याचं असतं. बॉबिनभोवती फिरून आलेला दोरा वर खेचला गेला नाही म्हणून तो खालीच साचला. म्हणजे वरच्या दोऱ्याला ओढच नाही.

ओढ नसण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. फूट खाली ठेवून दोरा ओवला. फूट खाली असलं की टेन्शनच्या दोन चकत्या एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात. दोरा त्यांच्या मधे न जाता नुसता वरून घसरतो. म्हणून ओवताना फूट कायम वर. ओवून झाल्यावर एक तपासणी करा. फूट वर असताना दोरा ओढला तर तो सुळसुळत येईल. फूट खाली केलं की त्याच दोऱ्याने सुई वाकायला लागेल इतका तो जड लागला पाहिजे. तसा लागला नाही तर ओवणी पुन्हा पहिल्यापासून.

आता टेन्शन. वर लाल आणि बॉबिनमध्ये पांढरा, असे एकाच जातीचे दोन रंग घ्या. नेहमीच्या सुती कापडाच्या दोन घड्यांवर अडीच मिलिमीटरच्या टाक्याने वीतभर टीप मारा. वरच्या बाजूला पांढरे ठिपके दिसले तर वरचं टेन्शन जास्त आहे. खाली लाल ठिपके दिसले तर वरचं कमी आहे. एकेक आकडा फिरवत जा आणि दर वेळी नवी टीप मारा. ज्या टिपेत दोन्ही बाजूंना आपापलाच रंग दिसतो तिच्या शेजारी पेनाने आकडा लिहून ठेवा.

बॉबिन केसचा (बॉबिन बसते त्या डबीचा) स्क्रू शक्यतो सोडूच नका. केस बाहेर निघणारी असेल तर भरलेली बॉबिन तिच्यात घालून दोऱ्याला लटकवा. नुसती धरली तर ती जागीच राहावी, हाताला हलका झटका दिला की दोन-तीन बोटं खाली उतरून थांबावी. सरळ खाली आली तर सैल, हललीच नाही तर घट्ट. फिरवायचाच झाला तर स्क्रू पाव फेऱ्याहून कमी फिरवा आणि मूळ जागी आधी पेनाची खूण करा.

हात बसवण्यासाठी

पहिला तास दोरा काढून कागदावर टिपा मारा. रेघा, काटकोन, मग गोल. कागदावर भोकांची ओळ स्पष्ट दिसते, हात कुठे डगमगला ते लपत नाही. (ती सुई नंतर कापडाला वापरू नका, कागदाने टोक बोथटतं.) कोपऱ्यावर सुई कापडात खाली ठेवून फूट उचलायचं, कापड वळवायचं, फूट टाकायचं. बघायचं ते सुईकडे नाही, फुटाच्या उजव्या कडेकडे. सुईकडे बघत शिवणाऱ्याची टीप वाकडी जाते.

कापड ओढू नका, ढकलूही नका. खालचे दाते ते पुढे नेतात, आपले हात फक्त दिशा देतात. मागून कापड खेचायची सवय लागली की सुई वाकते आणि प्लेटवर आपटते.

शिवणीसाठी माया, म्हणजे टिपेबाहेरची कापडाची पट्टी, सुरुवातीला दीड सेंटिमीटर ठेवा, चुकलं तर उसवून दुरुस्त करायला जागा राहते. आणि प्रत्येक टिपेनंतर इस्त्री. आधी टीप मिटलेली असतानाच दाबायची, म्हणजे टाके कापडात बसतात, मग माया उलगडून दाबायची. घरचं शिवण आणि बाहेरून शिवून आणलेलं कापड यांतला जो फरक आपल्या डोळ्यांना जाणवतो, त्यातला बराचसा इस्त्रीचा असतो असं माझं ठाम मत आहे.

ओव्हरलॉक: चार दोरे, दोन लूपर, एक सुरी

ओव्हरलॉकला बॉबिन नसते, इथूनच डोकं वेगळं चालवायला लागतं. अमेरिकेतल्या कनेक्टिकटमधल्या मेरो कंपनीने १८८० च्या दशकात पुढे आणलेली ही शिलाई विणकामाच्या जवळची आहे. सुईचे दोरे कापडातून जातात, आणि वरचा व खालचा असे दोन लूपर, म्हणजे दोरा वाहून नेणारे वाकडे हात, आपले दोरे कडेभोवती गुंफत जातात. सुया पुढे जायच्या आत सुरी माया छाटून टाकते. नुसती कड बांधायची तर तीन दोरे पुरतात. शिवण जोडायची असेल तर चार घ्या, कारण दुसऱ्या सुईचा दोरा शिवणीला आधार देतो.

ओवण्याचा क्रम पाळावाच लागतो: आधी वरचा लूपर, मग खालचा लूपर, मग सुया. मशीनच्या आतल्या दारावर रंगांच्या खुणा असतात. पहिल्यांदा त्याच रंगांचे चार दोरे लावा, म्हणजे कोणता दोरा कुठे जातो ते टाक्यात सरळ दिसेल.

इथे एक गोष्ट जवळून बघण्यासारखी आहे. खालच्या लूपरचा दोरा तुटतो. आपण तेवढाच पुन्हा ओवतो, शिवायला घेतो, आणि दहा टाक्यांत तो पुन्हा तुटतो. तिसऱ्यांदाही तुटतो. दोरा वाईट नसतो, टेन्शनही बरोबर असतं. दाराच्या आत वाकून बघितलं तर सुईचा दोरा खालच्या लूपरभोवती अडकलेला दिसतो, कारण नवा दोरा ओवताना सुयांचे दोरे आधीपासून खाली होते. उपाय असा: सुयांमधून दोरे काढा, खालचा लूपर ओवा, मग सुया ओवा. तुटणं थांबतं.

नुसता रंग बदलायचा असेल तर नव्याने ओवूच नका. जुने दोरे रिळाजवळ कापा, नव्यांना गाठ मारा, चारही टेन्शन शून्यावर आणा आणि सावकाश ओढून घ्या. सुयांच्या गाठी नेढ्यातून जात नाहीत, त्या नेढ्याआधी कापून तेवढंच हाताने ओवा. आणि हो, टेन्शन परत आकड्यांवर आणा.

चार रंग लावलेले असले की टाका स्वतःच सांगतो काय बिनसलंय. वरच्या आणि खालच्या लूपरचे दोरे कापडाच्या बरोबर कडेवर भेटले पाहिजेत. वरच्याचा रंग कडेवरून खाली वळला असेल तर वरचा सैल किंवा खालचा घट्ट. उलट असेल तर उलट. कड गुंडाळली जात असेल तर दोन्ही लूपर घट्ट आहेत. शिवण दोन बाजूंनी ताणल्यावर टाके शिडीसारखे उघडे दिसले तर सुईचं टेन्शन वाढवायचं.

यानंतर डिफरन्शियल फीड. ओव्हरलॉकला पुढे आणि मागे असे दात्यांचे दोन जोड असतात आणि त्यांचा वेग वेगवेगळा ठेवता येतो. आकडा १ असेल तर दोन्ही सारखे. टी-शर्टचं कापड शिवल्यावर कड लाटांसारखी वरखाली झाली तर आकडा १ च्या वर, दीडपर्यंत न्या. पुढचे दाते जास्त कापड आत देतात आणि ताण निघतो. तलम कापड चुणत असेल तर १ च्या खाली. याच बटणाकडे नवशिक्यांचं सर्वात कमी लक्ष असतं, आणि होजिअरीच्या शिवणीत सर्वात मोठा फरक हेच पाडतं.

टाचण्या सुरीसमोर येऊ देऊ नका. घरगुती ओव्हरलॉक मिनिटाला १,३०० पर्यंत टाके घालतं, त्या वेगात टाचणी तुटून उडते आणि सुरीला खाच पडते. क्लिप लावा, नाहीतर टाचण्या कडेपासून दोन-तीन सेंटिमीटर आत, शिवणीला समांतर टोचा. आणखी एक: सुरीने छाटलेलं परत जोडता येत नाही. म्हणून माप पक्कं होईपर्यंत आधी साध्या मशीनवर लांब टाक्यांनी जोडून, अंगावर घालून बघा.

चित्र म्हणजे टाके नव्हेत

आता सॉफ्टवेअर. चित्र आत टाकायचं, ऑटो-डिजिटाइझचं बटण दाबायचं, फाइल मशीनला द्यायची, अशी अनेकांची समजूत असते. ते बटण आहे हे खरं, पण त्याला कापड माहीत नसतं. सुई कुठून सुरू होईल, टाके कोणत्या दिशेने पडतील, आधी काय आणि नंतर काय, हे ठरवणं म्हणजेच डिजिटायझिंग. ते हाताने शिकल्याशिवाय बटणाची चूकही ओळखता येत नाही. सुरुवातीला खर्च करायची गरज नाही. इंकस्केप आणि त्यावर चालणारं इंक/स्टिच ही दोन्ही मोफत आहेत आणि शिकायला पुरेशी आहेत.

टाके मुळात तीनच. रनिंग म्हणजे धावदोरा, बारीक रेघांसाठी, टाका साधारण अडीच मिलिमीटर. सॅटिन म्हणजे एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे जाणारे चमकदार आडवे टाके, एक ते सात मिलिमीटर रुंदीच्या आकारांसाठी. त्याहून रुंद सॅटिन सैल पडतं आणि कुठेतरी अडकून उसवतं. मोठ्या जागेसाठी फिल, ज्याला तातामी असंही म्हणतात. नेहमीच्या ४० नंबरच्या दोऱ्याला दोन ओळींमधलं अंतर ०.४ मिलिमीटर ठेवलं की जागा नीट भरते. ‘अजून भरीव दिसू दे’ म्हणून ते अंतर कमी करत गेलात तर कापड पुठ्ठ्यासारखं कडक होतं आणि सुया तुटतात.

ओढ इथे सगळ्यात उघडपणे दिसते. प्रत्येक टाका आपल्या दोन टोकांमधलं कापड आत ओढतो. म्हणून टाक्याच्या दिशेने आकार आकसतो, आणि त्याच्या काटकोनात बाहेर सरकतो. पडद्यावरचं गोल वर्तुळ कापडावर अंड्यासारखं येतं ते यामुळे.

देवनागरी अक्षरांवर हे फार छान समजतं. ‘अंगण’ हा शब्द घ्या, अक्षरांची उंची वीस मिलिमीटर. तिन्ही अक्षरांना उभे दंड आहेत. दंडातले टाके आडवे, त्यामुळे दंड बारीक होतो आणि खाली लांबतो. शिरोरेषेतले टाके उभे, त्यामुळे ती बारीक होते आणि उजवी-डावीकडे लांबते. तेव्हा सॉफ्टवेअरमध्ये पुल कॉम्पेन्सेशन ०.२ ते ०.४ मिलिमीटर द्या, म्हणजे बारीक होणारी बाजू आधीच तेवढी रुंद होईल. लांबणारी टोकं मात्र हाताने थोडी आखूड करा, ते काम आपोआप होत नाही.

क्रम असा ठेवा: आधी सगळी अक्षरं, मग एकसंध शिरोरेषा, शेवटी अनुस्वार. शिरोरेषा नंतर येणार असल्यामुळे एका अक्षरातून दुसऱ्यात जाणारा धावदोरा तिच्याखाली लपवता येतो. ‘अ’ संपला, दंडातून वर चढलं, शिरोरेषेच्या जागेवरून ‘ग’वर उतरलं. मधे दोरा कापायची वेळच येत नाही, आणि जितक्या कमी वेळा दोरा कापला जाईल तितकी मागची बाजू स्वच्छ राहते आणि उसवण्याच्या जागा कमी होतात. रोमन अक्षरं सुटी असतात, त्यांना ही सोय नाही. आपल्या लिपीने दिलेला हा फायदा जरूर घ्या. दंडाचं वरचं टोक शिरोरेषेच्या खाली निम्म्यापर्यंतच न्या. पूर्ण नेलंत तर तिथे टाक्यांवर टाके चढून गाठ जाणवते, आणि अजिबात नेलं नाहीत तर धुतल्यावर फट दिसते.

अनुस्वार दीड मिलिमीटरपेक्षा लहान ठेवू नका, त्याखाली तो ठिपका न राहता नुसता गुंता होतो. अक्षरं आठ-दहा मिलिमीटरइतकी लहान हवी असतील तर ६० नंबरचा दोरा आणि ६५/९ सुई वापरा.

सॅटिन किंवा फिलच्या खाली अंडरले, म्हणजे आधी घातलेल्या विरळ टाक्यांचा थर, हवाच. तो दिसत नाही, पण कापड आणि खालचा आधाराचा कागद (स्टॅबिलायझर) यांना आधी एकत्र बांधून ठेवतो. बारीक सॅटिनला मधून जाणारी एक धाव पुरते, रुंद सॅटिनला कडेची धाव आणि वर विरळ झिगझॅग.

फाइलबद्दल थोडक्यात. डीएसटी, पीईएस, जेईएफ यांसारख्या मशीनच्या फाइलमध्ये टाके असतात, आकार नसतात. त्या मोठ्या-लहान केल्या तर कितीतरी मशीनवर टाक्यांची संख्या तीच राहते आणि घनता बिघडते. दहा टक्क्यांपलीकडे बदल हवा असेल तर सॉफ्टवेअरच्या मूळ फाइलमध्ये करा आणि नव्याने निर्यात करा. डीएसटीमध्ये रंगही नोंदलेले नसतात, फक्त ‘इथे रंग बदला’ एवढी सूचना असते. रंगांची यादी वेगळी लिहून ठेवा.

फ्रेम आणि पहिला नमुना

ताणल्या जाणाऱ्या कापडाला मागे कटअवे (नंतर कापून काढायचा) स्टॅबिलायझर, विणलेल्या न ताणणाऱ्या कापडाला टेअरअवे (फाडून काढायचा), टॉवेलसारख्या लवदार कापडावर वरून पाण्यात विरघळणारी पातळ फिल्म. फ्रेममध्ये स्टॅबिलायझर ताठ हवा, कापड मात्र ताणलेलं नको. ताणून बसवलेलं कापड फ्रेममधून सुटताच मूळ मापावर येतं आणि नक्षीभोवती सुरकुत्यांचं कडं उरतं.

पहिला नमुना कधीही तयार कपड्यावर काढू नका. त्याच जातीच्या कापडाच्या तुकड्यावर, त्याच स्टॅबिलायझरवर काढा आणि मशीनसमोरून उठू नका. कुठे सुई अडखळते, कुठे उगाच दोरा कापला जातो, ते तेव्हाच कळतं. मग तुकडा फ्रेममधून काढून सपाट ठेवा आणि मोजपट्टी लावा. शिरोरेषा फाइलमध्ये किती जाड होती आणि कापडावर किती आली, दंड खाली किती लांबला, ते मिलिमीटरमध्ये तुकड्याच्या कोपऱ्यातच पेनाने लिहा. सोबत सुईचा नंबर, दोरा, कापड. तोच फरक फाइलमध्ये भरून दुसरा नमुना काढा आणि दोन्ही तुकडे एकत्र टाचून ठेवा. त्याच कापडावर पुढचा शब्द काढायला घ्याल तेव्हा सॉफ्टवेअर उघडण्याआधी ही जोडी समोर ठेवा.